दोन ग्राफिक्सवाला लॅपटॉप आणि जादाचे मॉनिटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आता उद्यमबागेतल्या डिझाइनवाल्यांपासून शहापूर-वडगावातल्या फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांपर्यंत बरेच जण लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडून काम करालेत, आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून इथं एका जागी घातलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण बरेचसे प्रश्न तिथंच सुटतात: तुमच्या लॅपटॉपच्या कुठल्या पोर्टला आतून कुठली ग्राफिक्स चिप (स्क्रीनवरचं चित्र बनवणारी चिप) जोडलीय ते पहिल्यांदा शोधा, मग बाकीच्या सेटिंगला हात लावा.

लॅपटॉपवर इंटेलचा पण स्टिकर हाय आणि एनव्हिडियाचा पण, मग चित्र नेमकं कोण दाखवतं?

बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनवर चित्र पाठवायचं काम इंटेलची (किंवा एएमडीची) प्रोसेसरमधली छोटी चिपच करते. मोठं काम आलं, म्हणजे थ्रीडी मॉडेल, गेम, व्हिडिओ एडिटिंग, की एनव्हिडियाची चिप जागी होते, चित्र तयार करते आणि तयार झालेलं चित्र छोट्या चिपच्या मेमरीत कॉपी करून देते. पंगतीत आचारी मागं रांधतो आणि पानात वाढतो तो वाढपी, तसं हे चालतं. एनव्हिडियानं ही पद्धत ऑप्टिमस नावानं फेब्रुवारी २०१० मध्ये आणली, त्याच्या आधी काही लॅपटॉपांना कडेला बटण असायचं, ते सरकवून लॅपटॉप परत चालू करायला लागायचा. एएमडीच्या चिपवाल्या लॅपटॉपांत हेच स्विचेबल ग्राफिक्स म्हणून यायचं, पुढं त्याला एन्ड्युरो नाव दिलं. नावं वेगळी असली तरी हेतू एकच, बॅटरी वाचवायची आणि लागेल तेव्हाच ताकद वापरायची.

एकच स्क्रीन असेल तोवर ह्यात तुम्हाला काही कळतही नाही. दुसरा मॉनिटर जोडला की मात्र आतली जोडणी कशी केलीय त्याला महत्त्व येतं.

माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय कुठल्या चिपला जोडलंय हे खोलून बघायला लागतंय काय?

अजिबात नाही, खोलू नका. मॉनिटर जोडा, चालू करा आणि विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. तिथं वरती मॉनिटर निवडता येतो आणि त्याखाली तो कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय ते सरळ लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनखाली इंटेल लिहिलंय आणि बाहेरच्या मॉनिटरखाली एनव्हिडिया लिहिलंय म्हणजे ते पोर्ट मोठ्या चिपला जोडलंय. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं पान उघडलं तर तिथं चित्रच काढून दाखवलेलं असतं, कुठल्या चिपच्या कुठल्या पोर्टवर कुठला मॉनिटर बसलाय. मला ते पान सगळ्यात आवडतं कारण वाद राहत नाही.

सगळी पोर्टं एकेक करून तपासा. एचडीएमआयला लावून बघा, यूएसबी-सीला लावून बघा, मिनी डिस्प्लेपोर्ट असेल तर तिथंही, आणि एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पाठीमागं चिकटवा. गेमिंगच्या लॅपटॉपांत एचडीएमआय बहुतेक वेळा मोठ्या चिपला जोडलेलं सापडतं आणि थंडरबोल्टवालं यूएसबी-सी छोट्या चिपला, पण हा काही नियम नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत उलटं सुलटं असतं. शेजारच्याच्या लॅपटॉपवरनं आपला अंदाज बांधू नका.

मॉनिटर जोडलो की बॅटरी भसाभसा उतरते आणि फॅन बंदच होईना, लॅपटॉप बिघडलाय काय?

बिघडलेला नाही. मॉनिटर मोठ्या चिपच्या पोर्टला लागला की ती चिप झोपूच शकत नाही, तुम्ही नुसती एक्सेलची शीट उघडून बसला असला तरी ती जागीच राहणार कारण त्या मॉनिटरला चित्र पुरवायचं काम तिच्याकडं आहे. समजा लॅपटॉप साध्या कामाला १० वॉट खात होता आणि चिप जागी राहिल्यानं तो २० वॉटवर गेला, तर ५० वॉट-अवरची बॅटरी ५ तासांऐवजी अडीच तासांत रिकामी होणार, एवढा सरळ हिशोब आहे.

उपाय पण जोडणीतच आहे. लाइट गेलीय आणि बॅटरीवर दोन मॉनिटरनी काम रेटायचंय तर मॉनिटर छोट्या चिपच्या पोर्टला लावा, बहुतेक ते यूएसबी-सीचं असेल. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला दिवसातनं कितीदा लाइट जाते ते तुम्हाला माहीत आहे, तिथं हा फरक खरंच कामाला येतो. मॉनिटर मात्र त्या वेळी इन्व्हर्टरवर पाहिजे, लॅपटॉपची बॅटरी त्याला चालवत नाही.

अजून एक. मॉनिटर काढल्यावरही चिप झोपत नसेल तर कुठलं तरी सॉफ्टवेअर तिला धरून बसलंय. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या डेस्कटॉप मेनूत जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) अ‍ॅक्टिव्हिटीचा आयकॉन चालू करायची सोय आहे, तो घड्याळाजवळ दिसतो आणि त्यावर क्लिक केलं की कुठले प्रोग्राम चिप वापरालेत त्यांची नावं येतात.

एकूण किती मॉनिटर चालतील?

प्रत्येक चिपची स्वतःची मर्यादा असते आणि लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीनसुद्धा त्यात एक धरायचा. इंटेलच्या दुसऱ्या जनरेशनच्या कोअर प्रोसेसरमध्ये २ स्क्रीन, तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत साधारण ३, अकराव्या जनरेशनपासून ४. एनव्हिडियाच्या चिपा बहुतेक ४ पर्यंत जातात. दोन्ही चिपांची पोर्टं बाहेर आलेली असतील तर दोघींची बेरीज वापरता येते, म्हणून काही लॅपटॉपांवर तीन बाहेरचे मॉनिटर आरामात चालतात आणि काहींवर दुसराच लागत नाही.

चिपला जमतंय म्हणून पोर्ट असतंच असं नाही बरं का. चार स्क्रीनची चिप आणि बाहेर एकच एचडीएमआय, असे लॅपटॉप भरपूर आहेत.

यूएसबी-सीला मॉनिटर लावला तर काहीच येईना, केबल नवी हाय.

दिसायला सारखी असली तरी सगळी यूएसबी-सी पोर्टं चित्र देत नाहीत. चित्रासाठी त्या पोर्टात डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड नावाची सोय लागते. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टचा बाण असेल तर चित्र येणार, नुसतं यूएसबीचं त्रिशूळासारखं चिन्ह असेल तर ते डेटासाठी आहे असं समजून कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघा. केबलमध्येही भानगड असते, मोबाइल चार्जिंगच्या बऱ्याच केबलींत चित्राच्या तारा नसतातच, त्यामुळं आधी मॉनिटरच्या डब्यातली केबल लावून बघा.

बाजारात हब, डॉक, कन्व्हर्टर सगळं मिळतंय, ह्यातलं काय घेऊ?

ह्यात तीन जाती आहेत आणि दुकानदार तिन्ही एकाच नावानं विकतात, म्हणून जरा नीट वाचा.

पहिली जात म्हणजे यूएसबी-सीमधनं डिस्प्लेपोर्टचाच सिग्नल घेऊन एचडीएमआय करून देणारे साधे हब. ह्यात चित्र तुमची चिपच बनवते, त्यामुळं कामाला चांगले. पण यूएसबी-सीच्या चार लेनांपैकी (लेन म्हणजे सिग्नल जायच्या वाटा) दोन लेन हे हब यूएसबीच्या डेटाला देतात आणि दोनच चित्राला उरतात, म्हणून स्वस्त हबवर फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर) अडकतो. माउस घसटत चालल्यासारखा वाटतो तो ह्यामुळं. फुल एचडी मॉनिटर असेल तर काही फरक पडत नाही, बिनधास्त घ्या.

दुसरी जात डॉकची, जी एकाच केबलमधनं दोन-तीन मॉनिटर फोडते. त्याला एमएसटी म्हणतात. विंडोजवर चालतं, मॅकवर मात्र अशा डॉकचे दोन्ही मॉनिटर एकच चित्र दाखवतात, वेगवेगळं दाखवत नाहीत. आणि एकाच केबलमधली जागा सगळ्या मॉनिटरांत वाटली जाते हे विसरू नका.

तिसरी जात डिस्प्लेलिंकची. साध्या यूएसबीमधनं मॉनिटर चालवणारी. ह्यात चित्र सॉफ्टवेअरनं दाबून बारीक करून यूएसबीवरनं पाठवलं जातं आणि त्याचा बोजा प्रोसेसरवर येतो. टॅली, बिलिंग, ईमेल, वेबसाइट ह्याला झकास आहे आणि अल्ट मोड नसलेल्या आणि एचडीएमआय आधीच भरलेल्या लॅपटॉपला दुसरा मॉनिटर द्यायचा तोच एक रस्ता उरतो. पण कॅडचं मॉडेल फिरवायला किंवा व्हिडिओ एडिटिंगला मी ते कधीच सुचवणार नाही, आणि काही सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये कॉपी-सुरक्षेमुळं त्या मॉनिटरवर काळं दिसतं. डब्यावर ड्रायव्हर टाका असं लिहिलंय म्हणजे बहुतेक ह्याच जातीचं आहे असं ओळखा.

उद्यमबागेत कॅड-कॅमचं काम करतो, मोठी चिप असूनही मॉडेल अडकत फिरतंय, टास्क मॅनेजरात एनव्हिडिया शून्यावर दिसते.

म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या चिपवरच चाललंय. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ही निवड विंडोजच्याच हातात आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथं तुमचा प्रोग्राम शोधा, यादीत नसेल तर ब्राउझ करून त्याची ईएक्सई फाइल दाखवा, आणि ऑप्शनमध्ये हाय परफॉर्मन्स निवडा. प्रोग्राम पूर्ण बंद करून परत उघडायचा, नाहीतर फरक पडत नाही. लोक एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये सेटिंग बदलतात आणि विंडोजमध्ये उलटं राहिलेलं असतं, तेव्हा विंडोजचंच चालतं, म्हणून आधी इथं बघा.

मग मॉनिटरचा भाग. मोठ्या चिपनं बनवलेलं चित्र जर छोट्या चिपच्या मॉनिटरवर दाखवायचं असेल तर प्रत्येक फ्रेम कॉपी करावी लागते. फुल एचडीची एक फ्रेम साधारण ८ एमबी, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे अर्धा जीबी, १४४ म्हणजे जवळजवळ १.२ जीबी दर सेकंदाला इकडून तिकडं. साध्या मॉनिटरला हे जाणवत नाही पण फोर-के ला किंवा जास्त हर्ट्झला जाणवतं. म्हणून ज्या मॉनिटरवर मॉडेल फिरवता तो मोठ्या चिपच्या पोर्टला लावा आणि ड्रॉइंगचं पीडीएफ, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठेवा. एवढी अदलाबदल करून काम किती हलकं होतं ते स्वतः बघा.

मक्स स्विच म्हणजे काय? सेल्समन म्हणालेला की तो असल्याशिवाय घेऊ नका.

मक्स म्हणजे लॅपटॉपच्या स्क्रीनची तार छोट्या चिपकडनं काढून सरळ मोठ्या चिपला जोडणारा आतला स्विच. त्यामुळं मधली कॉपी वाचते आणि लॅपटॉपच्याच स्क्रीनवर गेम खेळणाऱ्याला फायदा होतो. जुन्या पद्धतीत बदल केल्यावर रीस्टार्ट लागतो, २०२० पासून एनव्हिडियाची अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस आली तिच्यात रीस्टार्ट लागत नाही.

पण तुम्ही जर बाहेरचा मॉनिटर मोठ्या चिपच्या पोर्टला लावून त्यावरच काम करणार असाल तर तुम्हाला मक्सची तेवढी गरज नाही, कारण बाहेरचा मॉनिटर आधीच सरळ जोडलेला आहे. त्यासाठी जादा पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मक्स असेल तर एक ध्यानात ठेवा, फक्त मोठी चिप चालू ठेवायचा मोड निवडला की काही लॅपटॉपांत छोटी चिप बंद होते आणि तिच्या यूएसबी-सीवर लावलेला मॉनिटर काळा पडतो. तो मोड परत हायब्रिडवर (दोन्ही चिपा चालू) आणला की येतो.

फोर-के टीव्ही लावलो तर ३० हर्ट्झच दाखवतंय.

फोर-के ६० हर्ट्झचं नुसतं चित्रच सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट होतं आणि एचडीएमआय १.४ एकूण १०.२ गिगाबिटचंच आहे, म्हणून ते ३० वर थांबतं. २.० ला १८ गिगाबिट मिळतात, तिथं ६० होतं. लॅपटॉपचं पोर्ट, केबल आणि टीव्हीचं पोर्ट, तिन्ही २.० पाहिजेत. टीव्हीला तीन एचडीएमआय असतील तर कधीकधी त्यातलं एकच पूर्ण ताकदीचं असतं, टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टाचा एनहान्स्ड सिग्नल चालू करायला लागतो.

मराठी पत्रिका एका स्क्रीनवर आणि कानडी दुसऱ्या स्क्रीनवर ठेवून काम करतो, पण एकावर अक्षरं पुसट दिसतात.

दोन स्क्रीनचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) वेगळं आहे म्हणून. लॅपटॉपचा १५ इंची स्क्रीन विंडोज १२५ टक्क्यांवर ठेवतं आणि बाहेरचा मोठा मॉनिटर १०० वर, आणि जुनी सॉफ्टवेअरं एकावरनं दुसऱ्यावर सरकवली की विंडोज त्यांना ताणून दाखवतं. काना-मात्रा, जोडाक्षरं, कानडीची खाली लटकणारी ओत्तक्षरं ह्यात हे लगेच डोळ्यात भरतं. दोन्हीचं स्केलिंग सारखं करा, किंवा प्रूफ वाचायचा स्क्रीन मुख्य करून लॉगआउट-लॉगिन करा म्हणजे सॉफ्टवेअर त्या मॉनिटरच्या हिशोबानं उघडेल. मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर आहे ना तेही बघा, १९२० बाय १०८० चा मॉनिटर १३६६ वर चालवला तर कुठलीच चिप अक्षरं वाचवू शकत नाही.

मंडळाच्या गणपतीला एलईडी वॉल लावणार, लॅपटॉप स्टेजपासनं लांब असतोय.

साधी तांब्याची एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढं भरवशाची नाही. ३० मीटर न्यायचं तर फायबरची एचडीएमआय घ्या, तिला दिशा असते, सोर्स लिहिलेलं टोक लॅपटॉपकडं आणि डिस्प्ले लिहिलेलं वॉलच्या प्रोसेसरकडं (वॉलला चित्र पुरवणारा डबा), उलटं लावलं तर काहीच येत नाही. रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ एवढंच ठेवा. डुप्लिकेट न करता एक्स्टेंड करा म्हणजे देखाव्याचा व्हिडिओ वॉलवर चालेल आणि तुमचं फाइल शोधणं, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज लोकांना दिसणार नाहीत. विंडोजचं बटण धरून पी दाबलं की ही निवड येते. आणि व्हिडिओ लावायच्या आधी लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, हे आदल्या रात्रीच करून ठेवा.

एचडीएमआय लावताना बोटाला झिणझिण्या येतात.

हे हलक्यात घेऊ नका. दोन पिनच्या किंवा अर्थिंग नसलेल्या चार्जरमधनं थोडी गळती लॅपटॉपच्या बॉडीवर येत असते, आणि टीव्ही किंवा मॉनिटर वेगळ्या बोर्डावर असला की दोघांच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक राहतो. त्या अवस्थेत केबल खोचली की तो झटका पोर्टातनं सरळ चिपपर्यंत जाऊ शकतो आणि पोर्ट मरतं, कधी मदरबोर्डसुद्धा. लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा, तीन पिनचा चार्जर वापरा, आणि आधी एचडीएमआय जोडा मग दोघांचे स्विच चालू करा. जुन्या वाड्यात, शेतातल्या घरात अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो, इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा मोजून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

वर्कशॉपमध्ये वेल्डिंग किंवा मोठी मोटर सुरू झाली की मॉनिटर सेकंदभर काळा होऊन परत येतो, तो बहुतेक केबलमध्ये घुसलेला विजेचा गोंगाट असतो. चांगल्या शील्डची आखूड केबल घाला आणि ती मोटरच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतनं नेऊ नका.

स्लीपमधनं उठवल्यावर बाहेरचा मॉनिटर येतच नाही.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी परत सुरू होतो, उघडलेलं काम जात नाही. रोजच होत असेल तर दोन्ही चिपांचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरनं घ्या, आधी इंटेल किंवा एएमडीचा, मग एनव्हिडियाचा. लोक एनव्हिडियाचा नवा टाकतात आणि छोट्या चिपचा जुनाच राहतो, भांडण तिथं लागतं. बायोसचं (लॅपटॉप चालू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर लाइट जायची भीती नसताना करा.

आणि एक वेगळीच गोष्ट, टीव्ही बंद असला तरी केबल लागलेली असेल तर विंडोज बऱ्याचदा तो स्क्रीन आहे असंच धरतं आणि खिडकी तिकडं उघडते. प्रोग्राम उघडला पण दिसत नाही अशी तक्रार असेल तर विंडोज, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण दाबून ती इकडं ओढा.

झाकण मिटून फक्त मोठ्या मॉनिटरवर काम करता येतंय काय?

येतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमध्ये झाकण मिटल्यावर काही करू नको असं निवडा. फक्त ज्या लॅपटॉपची गरम हवा बिजागराकडनं किंवा कीबोर्डातनं जाते तो मिटून जड काम करू नका, उभा स्टँड घ्या.

शाळेतला जुना प्रोजेक्टर व्हीजीएवाला हाय.

एचडीएमआय ते व्हीजीए असा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, नुसती केबल चालत नाही कारण एक डिजिटल आहे आणि दुसरं अ‍ॅनालॉग. आवाजासाठी कन्व्हर्टरला ऑडिओचं भोक आहे का बघा. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ करून बघा, बरेच जुने प्रोजेक्टर तेवढंच घेतात.

उबुंटू लिनक्स टाकलोय, एचडीएमआय मेलंच.

मेलं नाही. कुठली चिप वापरायची ते ठरवणाऱ्या प्राइम-सिलेक्टमध्ये तीन मोड असतात, इंटेल, ऑन-डिमांड आणि एनव्हिडिया. इंटेल मोडमध्ये मोठी चिप बंद असते आणि तुमचं एचडीएमआय तिलाच जोडलेलं असेल तर मॉनिटर येणारच नाही. ऑन-डिमांड करून रीस्टार्ट करा. ड्रायव्हर टाकूनही चिप दिसत नसेल तर सिक्युअर बूट (परवानगी नसलेलं सॉफ्टवेअर चालू होताना अडवणारी सोय) बघा, ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारून पुढच्या बूटला निळ्या पानावर परवानगी मागतात, ते पान घाईत सोडून दिलं की ड्रायव्हर लोडच होत नाही. विद्यार्थ्यांचं बहुतेक वेळा इथंच अडतं.

कोल्हापूर किंवा हुबळीला जाऊन सेकंडहँड घेणार हाय, तिथं काय तपासू?

स्वतःचा मॉनिटर नेणं जमत नसेल तर निदान एचडीएमआय आणि यूएसबी-सीची केबल पिशवीत घाला आणि दुकानातल्या मॉनिटरला लावून दाखवा म्हणा. प्रत्येक पोर्टावर चित्र येतंय का, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये कुठल्या चिपचं नाव येतंय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही चिपा पिवळ्या खुणेशिवाय दिसतात का, एवढं बघा. मग एखादा व्हिडिओ बाहेरच्या मॉनिटरवर १५-२० मिनिटं चालू ठेवून लॅपटॉप किती तापतो ते हात लावून बघा, केबल पोर्टात हलवली तर चित्र जातंय का तेही. दुकानदार नको म्हणाला तर तो लॅपटॉप घेऊ नका.